आधी पाटीवर, मग पडद्यावर
वाचकांचे प्रश्न

शैक्षणिक व्हिडिओ गेम वापरून वर्गात चिकित्सक विचार कसा शिकवावा, याबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. सर्वात नेमके प्रश्न मराठवाड्यातून आले, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न: सहावीत ४२ लेकरं आहेत. शाळेत एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. एकाला खेळायला दिलं की एकेचाळीस जण नुसते बघत बसतात, नाहीतर ‘तिकडं दाब, तिकडं दाब’ म्हणून ओरडतात. दुपारून लाईटचा भरवसा नाही. अशात गेम वापरावा तरी कसा?
(शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अंबाजोगाई तालुका)

मॅडम, एकच लॅपटॉप आहे ते बरंच आहे. सगळ्यांच्या हातात टॅब असते तर मुलं माना खाली घालून बोटं चालवत राहिली असती आणि कुणाच्या डोक्यात काय चाललंय हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नसतं. ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा पुढे गाजलेला शैक्षणिक गेम १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला आठवीच्या वर्गात पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हाही वर्गात एकच टेलिटाइप यंत्र होतं. त्याला पडदासुद्धा नव्हता, उत्तर कागदावर छापून यायचं.

सुरुवात माइनस्वीपरनं करा. विंडोज ७ पर्यंत तो संगणकाबरोबरच यायचा, नंतरच्या विंडोजवर वेगळा घ्यावा लागतो. त्यावर ‘शैक्षणिक’ असा शिक्का नाही, पण तर्क शिकवायला इतका स्वच्छ खेळ दुसरा सापडणं अवघड आहे. सर्वात सोप्या पातळीवर ९ गुणिले ९ अशी ८१ घरं असतात आणि त्यांत १० सुरुंग दडलेले असतात. सुरुंग टाळून बाकीची सगळी घरं उघडायची. उघडलेल्या घरात आकडा दिसतो. त्याला चिकटून असलेल्या आठ घरांत मिळून किती सुरुंग आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. पहिल्या क्लिकला सुरुंग लागत नाही, त्यामुळे सुरुवात कुठूनही करता येते.

चित्र फळ्यावर पाडा. फळ्याच्या वरच्या कडेला खडूनं क ख ग घ च छ ज झ ट आणि डाव्या कडेला १ ते ९ लिहा, म्हणजे मुलं बोट न दाखवता ‘ग-४’ असं घराचं नाव घेतील. प्रोजेक्टरच्या टेबलाचे पाय जमिनीवर खडूनं आखून ठेवा. टेबल दोन बोटं सरकलं की सगळी अक्षरं चुकतात आणि पाच मिनिटं त्यातच जातात. ४२ मुलांचे चार-चारचे आठ आणि पाच-पाचचे दोन गट करा. प्रत्येक गटाला एक पाटी. प्रत्येक चालीला गटानं पाटीवर दोन गोष्टी लिहायच्या: घराचं नाव, आणि ‘खात्री’, ‘शक्यता’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द. दीड मिनिटानं सगळ्या पाट्या एकदम वर. ज्या गटानं ‘खात्री’ लिहिलं असेल त्याला उभं करा आणि कारण विचारा. बाकीच्या गटांनी ते कारण पाडायचा प्रयत्न करायचा. ते टिकलं तरच तुम्ही क्लिक करायचं. माऊस शेवटपर्यंत तुमच्याच हातात राहील.

चिकित्सक विचाराची खरी संधी येते ती ओळीत १, २, १ असे आकडे लागतात आणि त्यांच्या वरची सगळी घरं बंद असतात तेव्हा. मुलं दोनच्या डोक्यावरच्या घरात हमखास सुरुंग सांगतात, कारण आकडा मोठा. तिथं थांबा आणि म्हणा, ‘बरं, तिथं सुरुंग आहे असं धरू. मग पुढं काय होतं?’ दोनला दोन सुरुंग हवेत, म्हणजे दुसरा डावीकडच्या किंवा उजवीकडच्या एकाच्या डोक्यावर असणार. पण मग त्या एकाला दोन सुरुंग चिकटले! म्हणजे आपण धरलं तेच चुकलं. सुरुंग दोन्ही एकांच्या डोक्यावर आहेत आणि मधलं घर निर्धास्त उघडता येतं. गृहीत धरायचं, त्याचा शेवट गाठायचा आणि विसंगती निघाली की गृहीतच सोडायचं, ही पद्धत मुलं पुढे भूमितीत शिकतात. ती इथं सहावीतच हाताला लागते.

दुसरी संधी डाव संपत आल्यावर येते. कोपऱ्यात दोन घरं उरतात, सुरुंग एक, आणि कोणताच आकडा निवाडा करत नाही. हुशार मुलंही तिथं ओढूनताणून कारण तयार करतात. ‘इथं तर्क संपला, आता फक्त अंदाज’ असं पाटीवर लिहिणाऱ्या गटाला शाबासकी द्या, सुरुंग फुटला तरी.

बिघडतं कुठं? एक, पडद्यावरचं घड्याळ. सेकंद पळताना दिसले की मुलं घाई करतात. पडद्याचा तेवढा भाग पुठ्ठ्यानं झाका. दोन, गटातलं एकच मूल लिहितं. दर चालीला पाटी पुढच्या हातात गेली पाहिजे. तीन, एका तासात दोन-तीन डाव उरकायचा हव्यास. ३५ मिनिटांत एक डाव अर्धा झाला तरी पुष्कळ. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि उरलेला डाव उद्या फळ्यावर खडूनं पुरा करा.

लाईटचं म्हणाल तर दिव्याचा जुना प्रोजेक्टर २५० वॅटच्या आसपास खातो, लॅपटॉप साधारण ५०. १५० अँपिअर-अवरची बरी बॅटरी असलेला इन्व्हर्टर तीनेक तास ओढेल, पण बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर एका तासावरच विसंबा. इन्व्हर्टर नसेल आणि लाईट एकदम गेली, तर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा बंद पडतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं. लाईट परत आल्याबरोबर तो लावू नका, दहा मिनिटं निवू द्या. तोवर फळ्यावर रंग ओळखायचा खेळ घ्या: सहा रंगांपैकी चार तुम्ही ठरावीक क्रमानं मनात धरायचे, गटांनी चार रंग सुचवायचे, तुम्ही फक्त ‘जागेवर किती बरोबर’ आणि ‘रंग बरोबर पण जागा चुकली असे किती’ एवढंच सांगायचं. एकच रंग पुन्हा घेता येतो असं धरलं तर एकूण जुळण्या १२९६ होतात. तरी डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये दाखवून दिलं की नीट विचार केला तर पाचव्या चालीपर्यंत उत्तर निघतंच. आकडा सांगितला की पोरं इरेला पेटतात.

प्रश्न: मोबाईलवर ‘एज्युकेशनल’ म्हणून शेकडो गेम आहेत. त्यांतला खरा कोणता हे ओळखायचं कसं? आमच्या लहानपणी सापशिडी होती, तीही शिकवणच होती.
(निवृत्त शिक्षक, पैठण)

गुरुजी, सापशिडीचं उदाहरण तुम्ही चांगलं काढलंत. मोक्षपट हे सापशिडीचं जुनं रूप. त्याची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडली जाते, म्हणजे तुमच्या पैठण-आपेगावच्या मातीशीच. पाप-पुण्याची शिकवण त्या पटात जरूर आहे. पण खेळणाऱ्याला निर्णय एकही घ्यावा लागत नाही. दान पडेल तेवढं सरकायचं. मोबाईलवरचे पुष्कळसे ‘शैक्षणिक’ गेम अशीच रंगवलेली सापशिडी आहेत, फक्त दानाऐवजी पाढा विचारतात. पाढे पक्के करायला ते ठीक. विचारासाठी नाहीत.

ओळखायला दहा मिनिटं स्वतः खेळा आणि मुद्दाम चुका. डोळे झाकून पर्याय दाबत गेलं तरी गेम पुढच्या पातळीवर सोडत असेल, तर तो काढून टाका. चुकल्यावर नुसतं ‘अरेरे, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो की चुकीचा परिणाम दाखवतो, हे पाहा. पूल चुकीचा बांधला तर तो कोसळताना दिसला पाहिजे. जिंकायला निदान दोन वाटा हव्यात, नाहीतर वर्गात वाद कशावर घालणार? आणि गेम मध्येच थांबवता आला पाहिजे. जो थांबवता येत नाही तो कितीही गुणाचा असला तरी वर्गाच्या उपयोगाचा नाही, कारण तुमचं शिकवणं त्या थांबण्यातच होतं. दर दोन मिनिटांनी जाहिरात येत असेल तर पुढचं काही बघूच नका.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, शिष्यवृत्तीला बसतेय. शाळेत आठवड्याला एक तास गेम घेतात. आमच्या लातूरला एकेका मार्काची चढाओढ, तिथं हा वेळ वाया नाही का जात? की गेममुळं बुद्धी वाढते हे खरं आहे?
(पालक, लातूर)

गेममुळे बुद्धी वाढते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मेंदूचे व्यायाम म्हणून गेम विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली, कारण जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. बुद्धिबळानं गणित सुधारतं का, याच्या अनेक अभ्यासांची एकत्रित तपासणी जिओव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. फायदा थोडा दिसला. पण बहुतेक अभ्यासांत, बुद्धिबळाऐवजी दुसरं काही नवं शिकवलेला गट तुलनेला नव्हताच. मग तो फायदा बुद्धिबळाचा की नव्या गोष्टीच्या उत्साहाचा, हे कसं ठरवणार?

म्हणजे खेळातली हुशारी आपोआप पेपरात उतरत नाही, तिला तिथवर न्यावं लागतं. शाळेत एवढंच विचारा: गेमनंतर शेवटची दहा मिनिटं शिक्षक काय करतात? सुरुंगाच्या खेळात वापरलेले ‘खात्री, शक्यता, अंदाज’ हे शब्द त्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणीच्या चार प्रश्नांना लावून घेत असतील, ‘हा पर्याय का बाद केलास?’ असं विचारत असतील, तर तास सत्कारणी लागला. घंटा होईपर्यंत नुसता गेमच चालू असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न: स्क्रॅचवर (ब्लॉक जोडून मुलांना प्रोग्राम बनवता येतो ते सॉफ्टवेअर) आठवीची मुलं मांजर पळवतात, फुगे फोडतात. आपल्या भागातला एखादा खरा प्रश्न घेऊन गेम बनवता येईल का, ज्यात विचार करावा लागेल?
(शिक्षक, औसा तालुका)

पाण्याचा घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुमच्या मुलांनी घरी ऐकलेलं असणार. पण संगणकाला लगेच हात लावू नका. गेम आधी कागदावर खेळा. नियम पक्के झाल्याशिवाय कोड लिहायला बसलं की मुलं ब्लॉकांच्या रंगातच अडकतात.

आमचे नियम असे आहेत. पाच गट म्हणजे पाच शेतकरी. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं सामायिक, सुरुवातीला ४० मापं. दर वर्षी प्रत्येक गटानं चिठ्ठीवर गुपचूप ‘ऊस’ किंवा ‘तूर’ लिहायचं. उसाला ४ मापं पाणी लागतं आणि १० गुण मिळतात. तुरीला १ माप, ४ गुण. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, मागणीची बेरीज करायची. पाणी पुरलं तर वजा करा आणि गुण द्या. पुरलं नाही तर उसाला शून्य, तुरीला २ आणि साठा शून्य. मग फासा टाकायचा: जो आकडा पडेल त्याच्या दुप्पट मापं पाऊस मुरला. साठा ४० च्या वर जात नाही, जास्तीचं वाहून गेलं. अशी आठ वर्षं.

आकडे असे का, तेही सांगतो, म्हणजे बदलताना फसगत होणार नाही. पाऊस सरासरी ७ मापं पडतो. पाचही जणांनी ऊस लावला तर वर्षाला २० मापं उपसली जातात. तिसऱ्या वर्षी बहुधा साठा कोरडा पडतो, आणि फासे कितीही मेहेरबान झाले तरी चौथ्या वर्षी पडतोच. सगळ्यांनी तूर लावली तर पाणी टिकतं, पण आठ वर्षांत प्रत्येकाला ३२ गुणच मिळतात. दोघांनी ऊस आणि तिघांनी तूर, तेही पाळी लावून, केलं तर वर्षाला ११ मापं जातात, पाऊस सरासरीइतका झाला तर आठ वर्षं जेमतेम निभतात आणि गटाला सरासरी ५१ गुण पडतात. ही वाट मुलांना तुम्ही सांगायची नाही. पहिल्या तासाला बोलायला बंदी ठेवा. डाव लवकर कोसळेल. दुसऱ्या तासाला दर वर्षी आधी दोन मिनिटांची ग्रामसभा घेऊ द्या. ठरवूनही कुणीतरी गुपचूप ऊस लिहितोच. तो का लिहितो आणि बाकीच्यांनी त्याचं काय करावं, यावर जी भांडणं होतात ती थांबवू नका. फक्त उसाच्या घरातली पोरं वर्गात असतात, त्यांच्याकडे बोट जाऊ देऊ नका. म्हणून गटांना घरची नावं न देता नंबर द्या.

आता स्क्रॅच. उसाचे गट मोजणारा एक चल, साठ्याचा एक, मागणीचा एक. मागणीचं सूत्र मुलांनाच काढू द्या: ५ अधिक ३ गुणिले उसाचे गट. तीन ठिकाणी हमखास चुकतं. पाणी पुरतं का हे वजाबाकीच्या आधी तपासायचं असतं. मुलं नंतर तपासतात आणि साठा उणे आठ दाखवतो. ‘सेट’ आणि ‘चेंज’ या ब्लॉकांची गल्लत होते, मग पाऊस पडला की साठा वाढायच्या ऐवजी थेट १० होतो. आणि डाव सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याखाली साठा पुन्हा ४० करायला विसरतात, त्यामुळे दुसरा डाव दुष्काळातच सुरू होतो. या चुका तुम्ही दुरुस्त करू नका. एका वर्षाचा हिशोब वहीत मांडायला लावा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघायला सांगा.

खरा तास त्यापुढचा. विचारा: या गेममध्ये काय खोटं आहे? कुणी म्हणेल, ठिबक कुठंय? कुणी म्हणेल, सगळ्यांच्या बोअरची खोली सारखी थोडीच असते, ज्याचं बोअर खोल त्याला शेवटपर्यंत पाणी. कुणी विचारेल, तुरीचा भाव पडला तर? प्रत्येक आक्षेपाचा एक नियम करा आणि डाव पुन्हा खेळा. विल राइटच्या १९८९ च्या ‘सिमसिटी’त शहर वाढतं किंवा बुडतं ते बनवणाऱ्यानं आत लिहून ठेवलेल्या समजुतींप्रमाणे, आणि खेळणाऱ्याला त्या दिसत नाहीत. स्वतः गेम बनवलेल्या मुलाला त्या कुठं लपवतात हे ठाऊक होतं. कोणताही तक्ता, कोणताही ‘अंदाजित’ आकडा पुढं आला की ते मूल विचारेल, यात काय धरलंय?

प्रश्न: पडद्यावर लंबक हलवून दाखवण्यापेक्षा दोरा-दगडाचा खरा प्रयोग काय वाईट? सिम्युलेशनमुळं मुलं आळशी होतात असं माझं मत आहे.
(विज्ञान शिक्षिका, सेलू)

दोन्ही करा, पण क्रम पाळा. कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशनं फुकट आहेत, काही मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. लंबकाचं उघडायच्या आधी प्रत्येकानं वहीत लिहायचं: वजन दुप्पट केलं तर झोका लवकर होईल, उशिरा, की तेवढाच? निम्मा वर्ग ‘लवकर’ लिहील. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथं मुलं गडबड करतात: वजन वाढवताना लांबीही ओढतात आणि निष्कर्ष काढून मोकळी होतात. त्यांना अडवू नका. दुसऱ्या गटाला विचारा, ‘यांचं म्हणणं मान्य?’

त्यानंतर दोरा-दगड. एक मीटर लांबीला जाऊन-येऊन एक असे दहा झोके २० सेकंदांत झाले पाहिजेत, २५ सेंटिमीटरला १० सेकंदांत. होत नाहीत, आणि तेच तर हवं आहे. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची असते, मुलं गाठीपर्यंत मोजतात. कोन मोठा घेतात. ९० अंशांपासून सोडला तर काळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. १० ते १५ अंश पुरेत. पडद्यावर आकडा स्वच्छ आला आणि हातात आला नाही, या दोहोंतला फरक कुठून आला हे शोधताना जो विचार होतो तो नुसत्या सिम्युलेशननं होत नाही, नुसत्या दोऱ्यानंही नाही. तुमची शंका तेवढ्यापुरती खरी आहे.

प्रश्न: सहा जुने संगणक आहेत, विंडोज ७, दोन जीबी रॅम. वर्गात ३६ मुलं. पोरी मागं उभ्या राहतात, माऊस पोरांकडंच. काय करावं?
(मुख्याध्यापक, वसमत)

स्क्रॅचची नवी आवृत्ती विंडोज १० च्या खाली बसत नाही; १.४ ही जुनी आवृत्ती टाका, ती हलकी आहे आणि वर दिलेला पाण्याचा गेम तिच्यात होतो. लहान वर्गांसाठी ‘जीकॉम्प्रिस’ हा शैक्षणिक खेळांचा संच घ्या, फुकट आहे, बिनइंटरनेटचं चालतं. सॉफ्टवेअर एका ठरलेल्या पेनड्राइव्हनंच टाका आणि मुलांचे पेनड्राइव्ह लॅबच्या दाराबाहेर ठेवा. अशा लॅब बंद पडतात त्या बहुतेक व्हायरसनं आणि धुळीनं.

एका संगणकावर तीन जण, म्हणजे एका वेळी १८. उरलेल्या अठरांनी तोच डाव शेजारच्या वर्गात कागदावर खेळायचा. विसाव्या मिनिटाला अदलाबदल. तिघांची कामं ठरवून द्या: एक ‘हात’, एक ‘डोळा’, एक ‘वही’. हातानं तोंड उघडायचं नाही, डोळा सांगेल तेवढंच करायचं. डोळ्यानं माऊसला शिवायचं नाही. वहीनं प्रत्येक चालीचं कारण लिहायचं आणि कारण पटलं नाही तर ‘थांब’ म्हणायचं. तिनं थांब म्हटलं की हात थांबलाच पाहिजे. सहा-सहा मिनिटांनी कामं फिरवा, शिट्टी वाजवून. सुरुवात मुली ‘हात’ असताना करा. नुसतं ‘मुलींनाही द्या रे’ म्हटल्यानं काही होत नाही, शिट्टीनं होतं. मुख्य म्हणजे माऊस हातात असण्याला मान उरत नाही, मान ‘थांब’ म्हणणाऱ्याकडे जातो.

प्रश्न: गावात व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं आणि नववी-दहावीची मुलं ते पुढं ढकलतात. यावर काही गेम आहे का?
(शिक्षक, भोकरदन तालुका)

आहे. ‘बॅड न्यूज’ हा २०१८ मधला गेम, केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांच्या सहभागातून झालेला. त्यात खेळणाराच खोट्या बातम्या पसरवणारा होतो आणि सहा युक्त्या शिकतो: तोतयेगिरी, भावना भडकवणं, फूट पाडणं, कटाचा संशय पेरणं, बदनामी आणि ट्रोलिंग. युक्ती एकदा आपल्या हातानं केली की दुसऱ्यानं केलेली ओळखू येते, ही त्यामागची कल्पना. भाषेची अडचण वाटत असेल तर गेम तुम्ही स्वतः खेळून घ्या आणि वर्गात त्याचा कागदी अवतार करा.

एका काल्पनिक गावाचं नाव ठरवा. प्रत्येक गटाला एक युक्ती द्या. त्यांनी ती वापरून तीन ओळींचा संदेश कागदावर लिहायचा, दुसऱ्या गटानं युक्ती ओळखायची. अटी कडक ठेवा: खऱ्या माणसाचं, जातीचं, धर्माचं नाव नाही, मोबाईल नाही, आणि तास संपताना सगळे कागद तुमच्याकडे. हे फाजील वाटत असेल तर आठवा, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव गेला. वर्गात लिहिलेला कागद कुणाच्या मोबाईलमध्ये गेला तर तो ‘गंमत’ राहत नाही.

एक मोठा धोका मात्र अशा सगळ्या खेळांत आहे. मुलं खोटं ओळखायला शिकतात आणि मग खऱ्यालाही खोटं म्हणू लागतात. या गेमच्या परिणामांवर काही संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला आहे. म्हणून पुढच्या तासाला बारा संदेशांची चिठ्ठी-पेटी करा, त्यांत सहा खरेच ठेवा: धरणातून पाणी सोडल्याची सूचना, परीक्षेच्या वेळापत्रकातला बदल, लसीकरणाचा दिवस असे. खऱ्याला खोटं म्हटलं तरी, खोट्याला खरं म्हटल्यासारखाच, बारांतला एक गुण जातो. ‘सगळंच खोटं’ म्हणणाऱ्या गटाचा बारापैकी सहावरच अडकलेला गुणफलक वर्गाला दाखवा. आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ची दुहेरी बाणाची खूण म्हणजे खोट्याचा पुरावा, असं मुलं धरून चालतात. निरोप पाच किंवा जास्त हातांतून आलाय, एवढंच ती सांगते. पाणी सोडल्याची खरी सूचनासुद्धा पाच हातांतून येऊ शकते.

प्रश्न: केंद्रप्रमुख विचारतात, याचं मूल्यमापन कुठंय? गेममधले पॉइंट लिहिले तर चालेल का?
(शिक्षक, कळमनुरी)

नाही चालणार. पॉइंट बोटांच्या चपळाईचे असतात. प्रत्येक मुलाच्या वहीत एका तासाला तीनच ओळी ठेवा: मी काय धरलं होतं, काय दिसलं, आता काय बदललं. तिसरी ओळ रिकामी असली तरी गुण कापू नका, पण सलग चार तास रिकामी राहिली तर त्या मुलाशी बोला. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी गेमशी संबंध नसलेला एकच प्रश्न द्या, उदाहरणार्थ: ‘अमुक खत टाकलं आणि सोयाबीन चांगलं आलं, म्हणून खत चांगलं. तुम्हाला आणखी काय विचारावंसं वाटतं?’ मुलांनी विचारलेले उपप्रश्न मोजा, आधी किती आणि नंतर किती. दोन्ही कागद एकत्र टाचा, तारीख टाका आणि केंद्रप्रमुखांपुढे ठेवा. पुढच्या वेळी खताऐवजी दुसरं उदाहरण घ्या, नाहीतर मुलं उत्तर पाठ करून येतील.